रोह्यांचा पाहुणचार

माझी बायको शालू श्रावणात गेली. त्यानंतर कार्तिकात मुलगी गीता बाळंत झाली. माय नाही म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच, रोहिणखेडला झालं. बाळ सव्वा महिन्याचं होईल तेव्हा बारसं करायचं ठरलं आणि गीतानं निरोप धाडला, "बाबा, तुम्ही याच. पण त्याच्या आधी मामाच्या घरून तोंड गोड करून या."

आमच्याकडे रीत अशी आहे की बायको गेली तर तिच्या भावानं मेहुण्याला आपल्या घरी न्यावं, मुक्कामाला ठेवून घ्यावं, पुरणाच्या पोळीचं जेवण घालावं आणि डोक्याला नवी टोपी द्यावी. मग माणूस दुखवट्यातून मोकळा झाला. तोवर त्यानं गोड खायचं नाही आणि लग्ना-बारशाला जायचं नाही. रीत सोपी आहे, पण शालूच्या भावाला घरच नव्हतं.

मोतीराम हा तिचा एकुलता भाऊ. आईबाप लवकर गेले, म्हणून तिनंच त्याला वाढवला. आमच्या लग्नात माझ्या घरी दोघं आली, नवरी आणि नवरीच्या कडेवरचा हा. मोठा झाला पण एका जागी टिकला नाही. नांदुऱ्याला स्टेशनाजवळच्या हॉटेलात होता, कापसाच्या जिनिंगमध्ये होता, एका सर्कशीबरोबर तिथल्या लोकांचं रांधत दोन हंगाम हिंडला. शालूला आयुष्यात दुसरी काळजी नव्हती. "या पोराचे पाय कुठी टिकतीन का नाही व माय," असं ती भाकरी थापता थापता म्हणायची.

ती गेली आणि पुढच्याच महिन्यात त्याचे पाय टिकले. पूर्णेच्या काठावर एका कप्तानसाहेबानं तंबू ठोकले होते, तिथे तो खानसामा झाला.

हा कप्तान बिकानेरकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. एकदा आमच्या भागात शिकारीला आला आणि आमची जमीन पाहून हरखून गेला. आमचा खारपाणाचा पट्टा. विहिरीचं पाणी खारट, नदीकाठची जमीन पांढरी फटफटीत, तिच्यावर काटेरी झुडपं. त्याला म्हणे आपल्या मुलुखाची आठवण आली. त्यानं बंदूक ठेवून दिली, बिकानेरहून राजवाड्यातल्यासारखे तंबू आणले, मेंढ्या घेऊन येणाऱ्या काठेवाड्यांकडून दोन उंट घेतले आणि इंग्रजी पाटी लावली. पाटीवर 'डेझर्ट सफारी लॉज' लिहिलं होतं म्हणे. मुंबईच्या आणि परदेशातल्या पाहुण्यांनी इथे यावं, उंटावर हिंडावं, जनावरं नुसती पाहावीत आणि गालिच्यावर बसून जेवावं, असा त्याचा बेत. आमच्या गावात त्याला कोणी लॉज म्हणत नसे. उंटवाल्याचे तंबू म्हणत.

तर मोतीरामचं घर म्हणजे हे तंबू. त्यानं कप्तानाला सगळी रीत सांगितली आणि कप्तान म्हणाला, "तुम्हारे जीजाजी हमारे मेहमान." मागे नोकरांच्या राहुटीत नाही, पाहुण्यांच्याच तंबूत ठेवू म्हणाला.

मोतीराम मला न्यायला आला तो उंट घेऊन.

"बैलगाडी नोती का बे?" मी विचारलं.

"भाऊजी, पाहुण्याले आणाची हीच रीत हाय आमच्या घरची. बसा."

मी बसलो. उंट उठला तेव्हा आधी पुढे पडतो का मागे पडतो तेच समजेना. पारावर वामनराव बसले होते. ते ओरडले, "निवृत्तीबुवा, वरात कोनीकडं निघाली?" आणि बोलून गेल्यावर जीभ चावली. मी म्हटलं, "साल्याच्या घरी जाऊन राह्यलो." मग तेही हसले, मीही हसलो. श्रावणानंतर पारावरून जाताना मी पहिल्यांदाच हसलो असेन.

वाटेत माझं शेत लागतं. त्या साली त्यात हरभरा होता, घाट्यावर आलेला. मधोमध बुजगावणं उभं होतं. त्याच्या अंगावर मी शालूचं हिरवं लुगडं गुंडाळलं होतं. कारण सांगतो. आमच्याकडे रोही फार. रोही म्हणजे घोड्याएवढं रानटी जनावर, हिंदीत नीलगाय म्हणतात. कळपानं येतात आणि पीक खातात. तीस वर्षं आम्ही दोघांनी ते हाकलले, मी शेतातल्या मचाणावरून, म्हणजे माळ्यावरून, आणि ती बांधावरून. त्यांना तिचं लुगडं ओळखीचं झालं होतं. माझं धोतर लावून पाहिलं तर ते खुशाल आत आले. लुगडं लावलं तेव्हापासून एकही आला नाही.

मोतीरामनं उंट थांबवला आणि बुजगावण्याकडे पाहून हात जोडले. "अक्का, भाऊजीले नेऊन राह्यलो. दोन दिसांनी वापस आणतो."

उंट पुन्हा चालायला लागला.

तंबू आतून पाहिला आणि बाहेर येऊन पुन्हा गेलो. पायाखाली गालिचा, भिंतींना आतून छापील कापड, पितळेचा कंदील. आंघोळीला पत्र्याचं एवढं मोठं घंगाळ की त्यात वासरू बसेल. पलंग स्प्रिंगचा होता. त्यावर सगळं जोडीनं ठेवलेलं, दोन उशा, दोन रग, तिपाईवर दोन कप. मी एका उशीवर माझं मुंडासं ठेवलं आणि बाहेर आलो.

कप्तान मला भेटले. उंच माणूस, मिशा पिळलेल्या, पण आवाज मऊ. ते म्हणाले, आज मुंबईचे एक साहेब आणि त्यांच्या बाईसाहेब येत आहेत. त्यांची कंपनी परदेशी लोकांना देशभर हिंडवते. त्यांना जागा पसंत पडली तर साऱ्या हिवाळ्याचे पाहुणे मिळतील. तुम्हीही पाहुणेच आहात, त्यांच्याबरोबर बसा, उठा, जेवा. एकट्या दोघांना सारे तंबू रिकामे दिसले तर बरं दिसत नाही.

"अन् पसंत नाही पडलं तं?" मी नंतर मोतीरामला विचारलं.

तो कांदा चिरत होता. "तं तंबू जातीन बिकानेरले, अन् मी जाईन पुन्हा टेशनावर कपबशा धुवाले. म्हणून म्हणतो भाऊजी, नीट राहा."

"मी काय करतो बे?"

"तुमी काही करू नोका. एवढंच करा."

जीप नांदुऱ्याहून पाहुण्यांना घेऊन आली. साहेब बारीक, चष्म्याचे, गळ्यात कॅमेरा. बाईसाहेब बोलक्या. त्यांनी आल्या आल्या मला विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

"जवळूनच. दुखवट्याला आलो."

कप्तानांना मराठी कळत नव्हतं ते बरं झालं. बाईंनी अर्थ विचारला, मी रीत सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे तुमच्या मेहुण्यांचं घर. मग आम्हीही त्यांच्याकडेच आलोय." मला बाई आवडल्या.

दिवस कलताना आम्ही सगळे मचाणावर गेलो. नदीकाठच्या मोठ्या बाभळीला फळ्या बांधल्या होत्या, वर गादी टाकली होती. मोतीराम खालून चहाचा ट्रे देऊन गेला. कप्तानांनी तोंडावर बोट ठेवलं. आम्ही गप्प बसलो. समोर पांढरं मैदान, त्याच्या पलीकडे आमच्या गावच्या उकंडरावची ज्वारी उभी, कणीस भरलेलं.

खूप वेळ काही आलं नाही. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग झुडपातून एक निळा नर बाहेर आला. मान वर करून उभा राहिला. त्याच्या मागे माद्या, पिल्लं, सारा कळप. साहेबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बाईंनी श्वास रोखला. कप्तानांचा चेहरा तर देव दिसल्यासारखा झाला.

आणि कळपानं तोंड फिरवलं ते ज्वारीकडे.

पुढचं मी केलं असं म्हणता येणार नाही, ते झालं. मी उठून उभा राहिलो, चहाचा ट्रे उचलला, त्यावर थाप मारत बेंबीच्या देठापासून ओरडलो, "हाऽऽय! हाय हाय हाय! हुर्रऽऽ!" कप खाली गेले. कळप नदीत उतरून पलीकडे गेला, त्यानं वळूनही पाहिलं नाही. मी तरी आणखी एकदा ओरडलो, कारण एकदा ओरडून ते फिरून येतात.

"अहो, हे काय केलंत?" साहेब म्हणाले.

"रोही हाकलले, साहेब," मी छाती काढून सांगितलं. "पीक वाचलं."

मग माझ्या हातातल्या ट्रेकडे माझं लक्ष गेलं.

बाईसाहेब हसायला लागल्या, त्यांना थांबताच येईना. पण साहेब हसले नाहीत आणि कप्तान फळीवर बसून राहिले. खाली मोतीराम फुटलेल्या कपांकडे पाहत उभा होता.

त्या रात्रीच्या जेवणात वरणाला मीठ नव्हतं. आमच्या घरी वरण विहिरीच्या खाऱ्या पाण्यात शिजतं, म्हणून मीठ नावालाच घालतात. मोतीरामचा हात शालूच्या हाताखाली बसलेला. एरवी तो नांदुऱ्याहून आणलेल्या गोड्या पाण्यात आठवणीनं मीठ घालायचा. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं, हात जुन्या वळणावर गेला. साहेबांनी वरण बाजूला सारलं. ते कप्तानांशी इंग्रजीत बोलले, नंतर मला बाईंकडून कळलं. तंबू छान आहेत, पण जनावर दिसणार नसेल तर लोक इतक्या लांब का येतील? उद्याचा दिवस पाहू, परवा सकाळच्या गाडीनं निघू.

मोतीराम भांडी घासायला बसला तिथे मी गेलो.

"बोल ना बे. शिव्या दे."

"पाहुण्याले शिव्या कशा देऊ?" तो मान खाली घालून म्हणाला. "भाऊजी, काऊन ओरडले तुमी? थे काय तुमचं वावर होतं?"

"पीक पाह्यलं अन् तोंड उघडलं."

"अक्का असती तं ट्रे हिसकून घेतला असता तिनं."

ते खरं होतं. शालू रोही हाकलायची, पण कधी कधी मीच ओरडत असलो की म्हणायची, "खाऊ द्या वो घासभर. थे पोटुशी हाय, दिसत नाही का?" मी म्हणायचो, "साऱ्याच पोटुशा हायत तुह्या." आमचं त्यावरून बांधावर भांडण व्हायचं आणि तेवढ्यात रोही खाऊन जायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तानांनी पाहुण्यांना उंटावरून दूरवर फिरवलं. मीही मागे होतो, तोंडाला कुलूप लावून. एक मुंगूस दिसलं, कावळे दिसले. मी असा ओरडलो होतो की कळप त्या काठाला फिरकलाच नाही. साहेब उंटावरून उतरले आणि पाठ चोळत तंबूत गेले. कप्तान एका माणसाला काहीतरी सांगत होते आणि तो रिकाम्या तंबूचे दोर पाहत होता. मोतीरामनं पुरणासाठी डाळ भिजवली होती. ती तो नुसतीच चाळवत बसला होता.

मी त्याच्यापाशी उकिडवा बसलो. "मोतीराम, माह्या वावरात येतीन थे."

"तुमच्या वावरात अक्का उभी हाय ना. कसे येतीन?"

"काढतो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, साऱ्या हरभऱ्याचं वाटोळं होईन."

"घासभर खातीन. जाय, तुह्या साहेबाले सांग."

दुपार टळल्यावर मी एकटा पुढे गेलो. बुजगावण्याजवळ उभा राहिलो. लुगड्याचा पदर मीच खोचला होता, तसाच होता. मला वाटलं होतं की काढताना फार जड जाईल. म्हणून मी मोठ्यानं बोललो, "शालू, रोज उभी राहतेस. आज सुट्टी घे. मोत्याचं काम हाय." तेवढं बोलल्यावर हात चालले. लुगडं सोडलं, झटकलं, घडी घातली. काठी तिथेच राहू दिली.

मंडळी आली. साहेब, बाई आणि मी माळ्यावर चढलो. कप्तान आणि मोतीराम बांधाच्या आड बसले. वारा आमच्याकडे येत होता, ते चांगलं होतं. मी लुगडं मांडीवर ठेवलं.

"आज ट्रे नाही ना जवळ?" बाईंनी हळूच विचारलं.

"नाही, पण तोंड हाय," मी म्हटलं. "त्याचा भरोसा नाही."

साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला तिथून उतरावंसं वाटलं.

ऊन पिवळं झालं आणि धुऱ्याच्या, म्हणजे शिवेच्या बांधाच्या, पलीकडून ते आले. तोच नर पुढे. तो बांधाशी थांबला आणि काठीकडे पाहत राहिला. लुगडं नव्हतं. त्यानं एक पाय आत टाकला, पुन्हा मागे घेतला. मग आला. मागून सगळे आले आणि खाली माना घालून माझा हरभरा खायला लागले.

माझ्या पोटातून हाक वर आली. ती छातीत आली, गळ्यात आली. मी लुगड्याचं टोक तोंडात कोंबलं आणि दातांनी घट्ट धरलं. हरभऱ्यावर पडलेल्या दवाला आंब म्हणतात, आंबट असते. महिनाभर त्या शेतात उभं राहून लुगडं आंबेनं भिजलेलं होतं. तोंडात सगळा आंबटपणा सुटला. डोळ्यांत पाणी आलं, ते आंबेमुळे किती आणि दुसऱ्या कशामुळे किती ते मी ठरवत बसलो नाही.

साहेबांचा कॅमेरा खटाखट वाजत होता. एक मादी अगदी माळ्याच्या खाली आली. पोट भरून आलेलं, चांगलं खाली उतरलेलं. ही मात्र खरंच पोटुशी होती. तिनं एकेक घाट्याचं झाड सावकाश उपटलं, चावलं, कान हलवले. तीस वर्षांत मी त्यांना पळतानाच पाहिलं होतं. खाताना कधी पाहिलं नव्हतं. पिल्लू बुजगावण्याच्या काठीशी गेलं आणि तिला पाठ घासायला लागलं.

"किती खातात हो!" बाई कुजबुजल्या.

मी नुसती मान हलवली. तोंड रिकामं नव्हतं.

सूर्य टेकल्यावर कळप आपल्या मनानं गेला. साहेबांनी कॅमेरा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्यांना लुगड्याचं टोक दिसलं, आणि तो बारीक चष्म्याचा माणूस असा हसला की माळा हलायला लागला. बांधाआडून मोतीराम धावत आला. "काय झालं? पुन्हा ओरडले का?"

"नाही रे," साहेब म्हणाले. "तुझ्या भाऊजींनी आज स्वतःच्या ओरडण्यालाच हाकलून लावलं." खाली उतरल्यावर त्यांनी कप्तानांचा हात हातात घेतला. मला इंग्रजी येत नाही, पण कप्तानांनी आधी मिशी पिळली आणि मग मोतीरामच्या पाठीवर अशी थाप मारली की तो हरभऱ्यात बसला. त्यावरून समजलं. पौष संपायच्या आत परदेशी पाहुण्यांची पहिली मंडळी येणार होती. मी कप्तानांना सांगितलं की धुऱ्याकडची बाजू यापुढे रोह्यांची. दर साली तेवढा हरभरा त्यांच्यासाठी पेरीन. बाकीच्या शेतात मात्र मी ओरडणार, त्याला कोणी हरकत घ्यायची नाही.

त्या संध्याकाळी गालिच्यावर पंगत बसली. मोतीरामनं मला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि डोक्याला पांढरी टोपी घातली. टोपी मोठी होती, कानावर आली. मग त्यानं पुरणाची पोळी तुपात बुडवून पहिला घास माझ्या तोंडापाशी धरला. लहानपणी शालू त्याला भरवायची तेव्हा तो तोंड फिरवायचा, आणि मी त्याचं डोकं धरून ठेवायचो. ते मला आठवलं. त्यालाही आठवलं असावं.

"खा ना भाऊजी. आता कोन डोकं धरन तुमचं?"

मी खाल्लं. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

"मीठ कमी हाय," मी म्हटलं.

"पुरनात मीठ?" तो ओरडला, आणि मग त्याला कळलं, आणि तो डोळे पुसत हसत राहिला. बाईंनी दोन पोळ्या खाल्ल्या. मी किती खाल्ल्या ते मोतीराम सगळ्यांना सांगतो, ते खोटं आहे.

तंबूत जाऊन मी दुसऱ्या उशीवरचं मुंडासं उचललं आणि तिथे लुगड्याची घडी ठेवली. झोप चांगली लागली.

बारशाला मी आणि मोतीराम दोघे मिळून रोहिणखेडला गेलो. उंट न्यायचं त्याच्या मनात होतं, मी त्याला एसटीनं नेलं. गीतानं माझ्या डोक्यावरची टोपी पाहिली, मामाकडे पाहिलं आणि मग माझ्या पायावर डोकं ठेवलं. मी पिशवीतून लुगडं काढून तिच्या हातात दिलं. आजीच्या लुगड्याचं दुपटं करतात, तेवढं तरी बाळाला तिच्याकडून मिळावं.

गीतानं ते नाकाशी धरलं. "बाबा, हे आंबूस काऊन वास मारते?"

"हरभऱ्यात होतं."

"हरभऱ्यात काय करत होतं?"

"राखन," मोतीराम म्हणाला.

तिनं जास्त विचारलं नाही. धुवायचं आहे म्हणत म्हणतच तिनं ते बाळाभोवती गुंडाळलं. टोक बाळाच्या ओठांवर पडलं. त्यानं ते चोखलं. सगळं तोंड सुरकुतलं, डोळे मिटले, नाक आकसलं, आता भोकाड पसरणार असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं आवाज केला नाही. टोक तसंच धरून पुन्हा चोखायला लागलं.

"आजोबावर गेलं पोट्टं," मोतीराम म्हणाला, आणि बायकांना ती सगळी हकिकत पहिल्यापासून सांगायला बसला.